तिकिटांचे घोळ आणि बदललेली मैफल

अर्धेतिकीट :

गेल्या आठवड्यात माळा आवरताना जुन्या कार्यक्रमांच्या तिकिटांचा पत्र्याचा डबा हाती लागला. दारावर फाडून परत दिलेले अर्धे तुकडे मी वर्षानुवर्षे त्यात टाकत आलो होतो आणि कधीतरी निवांत बसून ते चाळावेत असा बेत होता. डबा उघडला तेव्हा तेवीस तुकडे निघाले. त्यांतल्या सातांवर काहीच दिसत नव्हते, अगदी कोरा कागद. एक तुकडा मात्र संपूर्ण काळा होता आणि त्यावर चकचकीत प्लास्टिकचे वेष्टन होते. हा धागा त्या काळ्या तुकड्यामुळे सुचला.

त्याची हकिगत अशी. ज्या गायिकेला एकदा तरी समोर बसून ऐकायचे म्हणून मी कित्येक वर्षे थांबलो होतो, तिच्या कार्यक्रमाचे तिकीट मला पाच महिने आधी मिळाले. एवढ्या काळात ते चुरगळेल, भिजेल, खिशासकट धुतले जाईल, या धास्तीने मी ते लॅमिनेट करायला घेऊन गेलो. यंत्रावरच्या मुलाने दोनदा विचारले, "नक्की करू ना?" मी मोठ्या रुबाबात "करा" म्हणालो. यंत्राच्या एका बाजूने पांढरे तिकीट आत गेले आणि दुसऱ्या बाजूने काळी कुळकुळीत पट्टी बाहेर आली. त्या कागदावर शाईने काही छापलेलेच नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कागदावरच्या लेपातच रंग दडलेला असतो, तो तापला की काळा पडतो, आणि तिकीट छापणारे यंत्र जिथे अक्षर हवे तेवढेच ठिपके तापवते. लॅमिनेशनच्या रुळांना असला विवेक नसल्यामुळे त्यांनी एकूण एक ठिपका तापवला. माझ्या डब्यातले सात तुकडे कोरे कसे झाले, याचे उत्तरही त्याच लेपात आहे, कारण हा रंग जसा उष्णतेने उमटतो तसा काळाने विरूनही जातो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती पट्टी घेऊन मी तासभर आधी तिकीटखिडकीवर गेलो. आतल्या बाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, शेजाऱ्याला दाखवली, दोघेही पोटभर हसले, आणि मग माझ्या कार्डाच्या पावतीवरून नोंद शोधून एका कोऱ्या तिकिटावर निळ्या पेनाने रांग आणि खुर्ची लिहून दिली. दारावरच्या माणसाने ते हस्तलिखित काही न विचारता फाडले.

आता माझे तिकीट काळे पडत नाही, भिजत नाही आणि हरवतही नाही. ते माझ्या फोनात असते, किंवा खरे तर फोनातही नसते, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी यंत्रात असते आणि मला वेळोवेळी दाखवले जाते. पूर्वी घोळ झाला तर तो माझ्या हातून झालेला असे. आता होणारे घोळ नेमके कुणाच्या हातून होतात, ते मला पुष्कळदा कळतच नाही. आपापले घोळ लिहावेत, आणि मैफलीला जाणे आपल्या डोळ्यांदेखत कसे बदलले तेही लिहावे, ही विनंती.


खांबामागची :

धागा आवडला. सदस्यनाम वाचून माझी कथा काय असेल ते कळलेच असेल, पण खांब हा माझा दुसरा घोळ होता. पहिला याहून लाजिरवाणा आहे.

कॉलेजात असताना एका परदेशी बँडची मी भक्त होते. त्यांच्या कार्यक्रमाची जाहिरात दिसली, तिकीट आश्चर्य वाटावे इतके स्वस्त होते, आणि मी कुणालाही न विचारता तीन तिकिटे घेऊन टाकली. मैत्रिणींना महिनाभर आधी बातमी दिली, गाणी पाठ करून घेतली. सभागृह अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाले, तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली. पडदा उघडल्यावर जे चौघे समोर आले त्यांच्यापैकी एकालाही मी ओळखत नव्हते. तिकीट नीट पाहिले तर बँडच्या ठळक नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत "यांना वाहिलेली आदरांजली" असे छापले होते. मैत्रिणी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मी विसरलेले नाही. त्या चौघांनी गाणी मात्र उत्तम वाजवली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मूळ बँड पुढे प्रत्यक्ष ऐकला तेव्हा तो त्या रात्रीइतका जुळलेला वाटला नाही.

खांबाविषयी एवढेच सांगते, की "दृश्य अंशतः झाकलेले" यातल्या "अंशतः" या शब्दावर कुणीही विश्वास ठेवू नये. मला ढोलक वाजवणाऱ्याचा उजवा कोपर तेवढा दिसत होता.


सोळावा :

माझे सदस्यनाम रांगेतले आहे. तिकिटे खिडकीवरच मिळत त्या काळात मी एकदा रात्रभर रांगेत बसलो होतो. आधी आलेल्यांनी स्वतःच एक यादी केली होती, प्रत्येकाच्या मनगटावर पेनाने क्रमांक लिहिला होता, आणि दर दोन तासांनी हजेरी होत असे. हजेरीला नसेल त्याचे नाव सरळ खोडले जाई. हा कायदा कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण इतका काटेकोर पाळलेला कायदा मी त्यानंतर पाहिलेला नाही. चौदावा क्रमांक पहाटे चारच्या हजेरीला झोपून राहिला आणि आम्ही सगळे एकेक घर पुढे सरकलो. मनगटावरचा सोळा खोडून पंधरा करताना मला जो आनंद झाला तो असुरी होता हे मान्य करतो.

एवढे करून सकाळी खिडकीपाशी पोहोचलो. कार्यक्रम दोन दिवस होता, महिन्याच्या एकतीस तारखेला आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. मी वाकून म्हणालो, "पहिल्या तारखेची चार द्या." माझ्या मनात दोन तारखांपैकी पहिली होती, तर त्यांनी महिन्याची पहिली तारीख धरली. पैसे मोजून घेतले, तिकिटे पाकिटात टाकली, आणि रात्रभर जागलेला माणूस जसा वागतो तसा ती न पाहता घरी जाऊन झोपलो. एकतीस तारखेला आम्ही चौघे नटूनथटून दारात उभे, आणि दारावरच्या माणसाने अतिशय सौजन्याने सांगितले, "उद्या या." चौघांपैकी एकाची दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. त्याचे तिकीट आम्ही दारात एका अनोळखी मुलाला दिले. पैसे घेतले नाहीत, कारण तेवढा हिशेब करायची कुणाची मनःस्थिती नव्हती.

आज हे सांगितले की माझा भाचा विचारतो, "मामा, तिकीट दुसऱ्याच्या नावावर कसे केलेत?" नावावर करायला त्या तिकिटावर मुळात नावच नव्हते, हे त्याला पटवून देता देता माझी दमछाक होते.


मंद्रसप्तक :

घोळांची परंपरा आपल्या आठवणींहून बरीच जुनी आहे. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये हॅन्डेल या संगीतकाराची 'मेसाया' ही मोठी गायनरचना पहिल्यांदा सादर झाली. आयोजकांपुढे प्रश्न होता तो जागेचा, म्हणून आधीच जाहीर विनंती करण्यात आली की स्त्रियांनी घेरदार झग्यांखालचे सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात. त्यामुळे सुमारे ७०० श्रोते मावले. आज दारावर पाण्याची बाटली काढून घेतात म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा त्या तलवारी आठवाव्यात.

२२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनने स्वतःच्या रचनांचा जो कार्यक्रम केला, त्यात पाचवी आणि सहावी सिंफनी जगाने पहिल्यांदा ऐकली. कार्यक्रम सुमारे चार तास चालला, सभागृह थंडीने गारठले होते, तालीम अपुरी होती, आणि शेवटच्या रचनेत वादक चुकल्यामुळे ती थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. इतिहासात अजरामर ठरलेली ती संध्याकाळ तिकीट काढून आलेल्या माणसाने कुडकुडत काढली असणार.

मला रस आहे तो श्रोत्याच्या वागण्यात. पूर्वीचे लोक शांतपणे ऐकत आणि आताचे फोन उंचावतात, असे सरसकट म्हटले जाते, त्याला आधार नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला ५५ हजारांहून अधिक लोक आले. त्यांनी इतका आरडाओरडा केला की गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, मग श्रोत्यांना काय ऐकू गेले असेल? १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवून थांबले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवाजुळवच एवढी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे पंडितजींनी हसत सांगितले. ते लोक अजाण होते, पण मन लावून ऐकत होते, आणि मला वाटते या दोन गोष्टींत फरक करायला हवा.


हिशेबी :

वरच्या आठवणी रंजक आहेत, पण तिकिटांच्या घोळामागे पैशाचा एक सरळ हिशेब आहे आणि तो मांडल्याशिवाय काय बदलले ते कळणार नाही.

पहिल्यांदा एक जुने उदाहरण देतो. २१ मार्च १९५२ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँडला 'मूनडॉग कॉरोनेशन बॉल' नावाचा कार्यक्रम झाला. रॉक अँड रोलची पहिली मोठी मैफल म्हणून तो ओळखला जातो. सभागृह सुमारे १०,००० लोकांचे असताना त्याच्या दुप्पट लोक दारात आले. एकतर बनावट तिकिटे विकली गेली होती. शिवाय पहिला कार्यक्रम भरल्यावर पुढच्या कार्यक्रमाची जी तिकिटे काढली, त्यांच्यावर छपाईच्या चुकीने पहिलीच तारीख पडली होती. लोकांनी दारे ढकलून आत प्रवेश केला आणि पहिले गाणे होते न होते तोच कार्यक्रम बंद करावा लागला. सोळावा यांच्या तारखेच्या घोळाला इतकी मोठी वडीलधारी परंपरा आहे.

कागदाच्या काळातली तिकिटे मुद्दाम कमी दराची असत. कलाकाराला आपण लोभी दिसावे असे वाटत नाही, भरलेले सभागृह सगळ्यांनाच हवे असते, आणि तरुण श्रोता पुढच्या रांगेत असला की कार्यक्रम रंगतो. त्यामुळे छापील किंमत आणि एखादा माणूस द्यायला तयार असतो ती किंमत, या दोहोंत फट राहत असे. ती फट कुणीतरी खाणारच. पूर्वी दारात उभा राहणारा काळाबाजारवाला ती खाई, किंवा रात्रभर बसण्याच्या रूपाने सोळावा यांच्यासारखा रसिक ती स्वतःच्या झोपेतून भरून काढी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे काही घडले ते या फटीवरून चाललेले भांडण आहे, असे माझे मत आहे.

संगणकावरून तिकिटे विकणारी टिकेटमास्टर ही कंपनी १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि १९९१ साली तिने टिकेट्रॉन या आपल्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा धंदा विकत घेतला. तिच्या वरकड शुल्काविरुद्ध पर्ल जॅम या बँडने १९९४ साली अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली आणि त्यांचे दोन वादक त्याच वर्षी ३० जूनला संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला बसले. पुढच्या वर्षी ती चौकशी कारवाईविनाच बंद झाली. २०१० साली ही कंपनी कार्यक्रमांचे आयोजन करणाऱ्या लाइव्ह नेशनमध्ये विलीन झाली, म्हणजे कार्यक्रम भरवणारा आणि तिकीट विकणारा एकाच छताखाली आले. २०१८ साली अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने पाहणी केली, तेव्हा मूळ विक्रीतले शुल्क तिकिटाच्या किमतीच्या सरासरी २७ टक्के आणि फेरविक्रीतले ३१ टक्के निघाले. त्या शुल्काचा वाटा पुष्कळदा सभागृहालाही जातो, ही गोष्ट लोक विसरतात. शिव्या खायच्या त्या विक्रेत्याने आणि पैसे वाटून घ्यायचे ते सगळ्यांनी, अशी ही व्यवस्था आहे.

२०२३ साली द क्युअर या बँडने तिकिटे जाणूनबुजून स्वस्त ठेवली, तर सगळ्यात स्वस्त तिकिटावर शुल्कच तिकिटाहून जास्त लागले. गायकाने जाहीर संताप व्यक्त केल्यावर कंपनीने त्यातले पाच ते दहा डॉलर परत केले. एवढीशी रक्कम, पण ती मिळवायला एका प्रसिद्ध माणसाला उघडपणे रागवावे लागले.

टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेच्या दौऱ्याची आगाऊ विक्री १५ नोव्हेंबर २०२२ रोजी झाली. आधी नोंदणी केलेले चाहते ३५ लाख होते आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्या विक्रीच्या वेळी तिच्या यंत्रणेवर ३५० कोटी विनंत्या आदळल्या. त्यांत बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी आपोआप तिकिटे ओढणाऱ्या संगणकी प्रोग्रामांचा, वाटा मोठा होता, आणि अशा बॉटना बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २०१६ पासून अस्तित्वात होता. वीस लाखांहून अधिक तिकिटे त्या एका दिवसात गेली आणि तीन दिवसांनी ठरलेली सर्वांसाठीची विक्री रद्द करावी लागली. मनगटावर पेनाने क्रमांक लिहिणाऱ्या त्या यादीला हे जमले असते असे मी म्हणत नाही.

ओएसिस या ब्रिटिश बँडच्या तिकीटविक्रीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी तासन्‌तास रांगेत थांबलेल्या लोकांना सुमारे १५० पौंडांची तिकिटे ३५५ पौंडांना दिसली, आणि संगणकाने मागणी पाहून क्षणोक्षणी दर चढवले असे सगळ्यांनी धरून चालले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने पुढे सांगितले की तसा पुरावा आढळला नाही. उभ्याने ऐकायच्या तिकिटांचे दोन दर होते, स्वस्त तिकिटे संपल्यावर महागडी सोडली गेली, आणि रांगेतल्या माणसाला ते पुरेसे स्पष्ट सांगितले गेले नव्हते. माझ्या मते हे अधिक वाईट आहे. यंत्राने दर वाढवला तर निदान ते मागणीला उत्तर देत असते. इथे उत्तर आधीच ठरलेले होते आणि प्रश्न मात्र लोकांपासून लपवलेला होता.


नवखी :

हिशेबी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरीही जुन्या रांगेचे एवढे कौतुक वाचून थोडे खटकले, म्हणून लिहिते.

मी चाकाची खुर्ची वापरते. रात्रभर रांगेत बसण्याची गंमत ज्यांना परवडत होती त्यांनीच ती सांगितली आहे. ज्यांना ती परवडत नव्हती, म्हणजे रात्रपाळीवाले, लहान मुलांच्या आया, लांब राहणारे, एकट्या मुली आणि माझ्यासारखे लोक, त्यांच्या आठवणी या विषयावर नाहीत, कारण ते तिथे नव्हतेच. पडद्यावरच्या रांगेत मी पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीने उभी राहिले. अर्थात तिथेही खुर्चीची जागा हवी असेल तर पुष्कळदा वेगळा फोन करावा लागतो, आणि तो फोन उचलला जाईपर्यंत सोबत्याची जागा संपलेली असते. म्हणजे सगळ्यांसाठी पडदा आणि आमच्यासाठी अजूनही खिडकीच.

माझा घोळ घड्याळाचा आहे. एका परदेशातल्या कार्यक्रमाची विक्री सकाळी दहाला सुरू होणार होती. त्यांचे दहा म्हणजे माझे किती, याचा हिशेब मी आठ दिवस आधी करून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला. विक्रीच्या आदल्या रात्री त्या देशातली घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली. मी वीस मिनिटे आधी तयारीने येऊन बसले, तेव्हा तिथे विक्री सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली होती आणि माझ्यापुढे एकाहत्तर हजार माणसे होती. तो आकडा मी दुपारपर्यंत उतरताना पाहत राहिले. नऊशेवर आला तेव्हा पान आपोआप ताजे झाले आणि "तुमचे सत्र संपले आहे" अशी ओळ आली. रडायला लाज वाटली नाही, घरात कुणी नव्हते.


द्वारपाल :

मी अनेक वर्षे निरनिराळ्या सभागृहांच्या दारावर तिकिटे तपासण्याचे काम केले आहे. आधी फाडायचो, आता यंत्र दाखवतो. घोळ दारात फुटतात, त्यामुळे ते आम्हाला सगळ्यात आधी दिसतात.

घरी छापून आणायच्या तिकिटांचा मधला काळ सगळ्यात वाईट होता. एकच फाईल पाच जणांना विकली की पाचही कागद दिसायला अस्सल असत, कारण ते खरोखरच अस्सल होते. यंत्र तेवढे जाणते की हा बारकोड पहिल्यांदा आला की दुसऱ्यांदा. पहिल्याला हिरवा दिवा, उरलेल्या चौघांना लाल. लाल दिव्यासमोर माणसाचा चेहरा कसा होतो ते शब्दांत सांगता येत नाही. आधी तो यंत्राला दोष देतो, मग कागद शर्टाला पुसून पुन्हा पुढे करतो.

एका रात्री एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन आले. तिन्ही तिकिटे त्यांनी मूळ विक्रीतच घेतलेली, शंकेला जागा नाही. दोन हिरवी, तिसरे लाल. यंत्र सांगत होते की तिसरे पंचेचाळीस मिनिटांपूर्वीच आत गेले आहे. चौकशी करताना धाकटीने हळूच सांगितले, की तिकिटे आली त्या दिवशी आनंदाने तिने आपल्या तिकिटाचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला होता, आणि बारकोड पूर्ण दिसत होता. आमच्या व्यवस्थापकांनी आत जाऊन त्या खुर्चीवरच्या माणसाला उठवले, तर त्यानेही ते दुसऱ्याकडून पैसे मोजून घेतले होते. तोही खोटा नव्हता. शेवटी मुलगी आत बसली, तो बाहेर गेला, आणि ज्याने फोटोवरून कोड उचलला तो बहुधा घरी टीव्ही पाहत होता.

म्हणूनच बदलता बारकोड आला. टिकेटमास्टरने २०१९ पासून असा बारकोड आणला जो दर पंधरा सेकंदांनी नवा होतो, त्यामुळे स्क्रीनशॉट निरुपयोगी ठरतो. चोरी कमी झाली, पण दारातले संकट दुसऱ्या जातीचे झाले. चार जणांची तिकिटे एकाच्या फोनात असतात आणि तो एक वाहतुकीत अडकलेला असतो. फोनची बॅटरी संपलेली असते. हजारो लोक एका जागी जमल्यामुळे नेटवर्क बसते आणि तिकिटाऐवजी गोल फिरणारे चक्र दिसते. सावध लोक घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून आणतात, तसे सगळ्यांनी करावे. फोनची काच फुटलेली असेल तर पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून फोन जरा तिरका धरावा, यंत्र पुष्कळदा वाचते.

खुर्च्यांना क्रमांक नसलेल्या कार्यक्रमांच्या आठवणी लोक हौसेने सांगतात, त्यावर एक गंभीर गोष्ट. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेत सिनसिनाटीला द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी दारांपाशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. बहुतेक तिकिटांवर जागा ठरलेली नव्हती, जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा, आणि मोठ्या गर्दीसाठी मोजकीच दारे उघडली होती. त्या शहराने नंतर अशा बिनक्रमांकी तिकिटांवर घातलेली बंदी २००४ पर्यंत टिकली. दार वेळेवर आणि पुरेसे उघडणे हे आमच्या कामाचे मूळ आहे, यंत्र नंतर आले.


सोळावा :

@नवखी, तुमचा मुद्दा मान्य. आमच्या त्या यादीत एकच मुलगी होती आणि तिचे वडील रात्रभर शेजारी खुर्ची टाकून बसले होते, हे मी मघाशी लिहायचे विसरलो. विसरलो यातच तुमचे म्हणणे आले.

फेरविक्रीबाबत मात्र वाटते, की तिकीट छापील किमतीला दुसऱ्याला देता यावे आणि त्याहून जास्त घेता येऊ नये. आयर्लंडने २०२१ साली तसा कायदा केला, जपानचा २०१९ साली लागू झाला. अनोळखी मुलाला तिकीट देऊन टाकण्याची सोय उरावी एवढीच माझी मागणी आहे. आज माझा मित्र गाडी पकडायला गेला असता तर चौथी खुर्ची रिकामी राहिली असती.


खांबामागची :

तिकीट थेट चाहत्याच्या हाती पडण्याची सोय सगळ्यात जास्त कुठे होती हे सांगू? टपालात. ग्रेटफुल डेड या बँडने १९८३ पासून स्वतःच टपालाने तिकिटे विकायला सुरुवात केली, आणि चाहते अर्जाची पाकिटे चित्रांनी रंगवून पाठवू लागले. चित्र चांगले असले की तिकीट लवकर मिळते अशी त्यांची समजूत होती म्हणे. बॉटला पाकीट रंगवता येत नाही, एवढे तरी त्या पद्धतीच्या बाजूने बोलता येईल.

फोनबद्दल मंद्रसप्तक यांच्याशी निम्मी सहमत आहे. बॉब डिलनच्या अलीकडच्या कार्यक्रमांत फोन कुलूपबंद पिशवीत घालून तुमच्याकडेच देतात, तशा एका कार्यक्रमाला मी दुसऱ्या कलाकारासाठी गेले होते. पहिली पंधरा मिनिटे हात सारखा पिशवीकडे जात होता. नंतर शेजारच्या आजोबांनी विचारले, "हे गाणे कुठले हो?" आणि मला नाव आठवेना, त्यांनाही आठवेना. आम्ही दोघे मध्यंतरापर्यंत त्यावर डोके खाजवत होतो. शोधायला फोन असता तर ते संभाषण चार सेकंदांत संपले असते.


अर्धेतिकीट :

सगळ्यांचे आभार. द्वारपाल यांनी फोन तिरका धरायला सांगितले, त्यावरून माझ्या सात कोऱ्या तुकड्यांवर तो प्रयोग करावासा वाटला. काल रात्री ते एकेक करून स्कॅन केले आणि संगणकावर गडद-फिक्याचा फरक अगदी टोकाला नेला. पाच तुकडे कोरेच राहिले. सहाव्यावर अर्धा बारकोड उमटला. सातव्यावर मात्र धुक्यातून यावे तसे "रांग ज, खुर्ची १४" एवढे वाचता आले. तारीख नाही, कलाकाराचे नाव नाही.

बायकोला दाखवले. ती म्हणाली, चौदा म्हणजे कडेची असणार, कारण मी त्या काळात खोकल्यामुळे नेहमी कडेची खुर्ची मागत असे. आता कोणत्या वर्षी मला खोकला होता, ते आम्ही दोघे आठवतो आहोत.